१९७२ ची एमजीबी जीटी, वायर व्हील. टायर १६५ घालू की १८५?

निळी_जीटी (रेडिंग, इंग्लंड)

नमस्कार मंडळी. हा प्रश्न इथे विचारणं म्हणजे मारुतीच्या देवळात गणपतीची आरती म्हणण्यासारखं आहे, पण इंग्रजीतून दोन आठवडे वाचून डोक्याची चाळणी झाली आहे. दहा जण, अकरा मतं. निदान मराठीत भांडणं तरी समजतील.

गाडी १९७२ ची एमजीबी जीटी, म्हणजे एमजी कंपनीची जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार. निळी, क्रोम बंपरवाली, वायर व्हीलची, म्हणजे आऱ्यांच्या चाकांची. ओव्हरड्राइव्ह (इंजिनाच्या फेऱ्या कमी करणारा जादा गिअर) नाही. गेल्या ऑक्टोबरात घेतली. एमजीचा ॲबिंग्डनचा कारखाना माझ्या घरापासून पंचवीस-एक मैलांवर होता, १९८० साली बंद पडला. म्हणजे पन्नास वर्षांत ही बया एवढीच सरकली.

आधीच्या मालकाने चारी चाकांना १८५/६५ आर १४ घातलेत (रुंदी १८५ मिलिमीटर, उंची तिच्या ६५ टक्के, रेडियल, रिम १४ इंची). नक्षी सहा मिलिमीटर शिल्लक आहे, दिसायला झकास. पण:

स्टिअरिंग पार्किंगमध्ये इतकं जड की बायको म्हणते, "हे जातं आहे, यात पीठ पडत नाही एवढंच." मागे पोरगी आणि सामान असलं की आमच्या गल्लीतल्या गतिरोधकावर डावं मागचं चाक घासतं, जळक्या रबराचा वास येतो. काटा ६० मैल दाखवतो तेव्हा फोन ५७ सांगतो. आणि मोटरवेवर ७० ला चौथ्या गिअरमध्ये इंजिन चार हजाराच्या वर फिरतं, शेजारी बसलेल्याशी खुणेने बोलावं लागतं.

टायरच्या दुकानातला मुलगा म्हणाला, "आहेत तेच परत घाला." त्याच्याकडे १६५/८० आर १४ आणि १८५/७० आर १४ सुद्धा मिळतील म्हणे. बायकोचा प्रश्न वेगळाच: नक्षी एवढी आहे, गाडीला एमओटी या इथल्या वार्षिक तपासणीची सक्ती नाही, मग पैसे का घालवायचे? दोन्ही प्रश्नांची उत्तरं हवीत. दुसऱ्याचं आधी.

---

सिन्नरकर

१६५/८० आर १४? अहो, हा तर आमच्या डिझायरचा टायर! व्हीएक्सआयला हाच येतो, आधीच्या स्विफ्टलाही होता. सिन्नर फाट्यावर कुठल्याही दुकानात हात लावाल तिथे मिळेल. पुढच्या वेळी देशात आलात की चार घेऊन जा, विमानात लोणच्याच्या बरण्यांऐवजी.

बाकी मला ब्रिटिश गाड्यांतलं कळत नाही. आमच्या वडिलांची पद्मिनी होती, तिचा टायर ५.२०-१४. ते आकडे इंचात असतात एवढं ठाऊक आहे. एक साधा प्रश्न: स्टेपनीवर काय छापलंय ते बघितलंत का?

---

वळणवाट (ब्रिस्टल)

माझी १९७७ ची एमजीबी रोडस्टर आहे, उघड्या टपाची, रबर बंपरवाली. सहा वर्षं १८५/७० वापरते. जड नाही, घासत नाही, राउंडअबाउटवर मस्त चिकटून वळते, आणि खरं सांगू, दिसतेही छान. १६५ म्हणजे धोतराखाली सायकलच्या ट्यूबा. १८५/७० घ्या आणि मोकळे व्हा. बहुतेक सगळे तेच घालतात.

---

कॉव्हेंट्रीकाका

जीटीवाले, घाई नको. आणि वळणवाटताई, तुमचं तुमच्या गाडीपुरतं बरोबर आहे, पण यांची गाडी वेगळी आहे. कसं ते सांगतो. मी किर्लोस्करवाडीत वाढलो, इथे येऊन अडतीस वर्षं टूलरूममध्ये काढली, त्यामुळे आधी माप, मग मत, ही खोड आहे. सांभाळून घ्या.

बायकोच्या प्रश्नापासून. टायरच्या कडेला डीओटी या अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ते वाचा आणि इथे लिहा. नक्षी किती हा प्रश्न रोज पळणाऱ्या गाडीला विचारायचा. वर्षाला हजार मैल जाणाऱ्या गाडीचा टायर झिजून मरत नाही, वाळून मरतो. दोन खाचांच्या मधे नखाने दाबून बघा, बारीक भेगा उघडतात का. आणि चाळीस वर्षांवरच्या गाडीला एमओटीची सूट आहे, पण रस्त्यावर धड गाडी आणण्याच्या जबाबदारीतून सूट नाही. विम्यावाला अपघातानंतर हेच विचारतो.

आता माप. तुमच्या जीटीला कारखान्यातून १६५ एसआर १४ यायचे. यात तिरकी रेघ नाही, पुढे ८० किंवा ६५ असं काही नाही. जुन्या रेडियलवर असं लिहिलं असेल तर टायरची उंची रुंदीच्या साधारण ८२ टक्के धरायची. हिशोब करून बघा. १६५ चे ८२ टक्के १३५, दोन्हीकडचे मिळून २७०. चौदा इंची रिम म्हणजे ३५५.६. एकूण व्यास ६२६ मिलिमीटर. तुमच्या १८५/६५ चा हाच हिशोब येतो ५९६. तीस मिलिमीटर कमी, म्हणजे जवळजवळ पाच टक्के. ६० चे ५७ कुठून आले ते कळलं? काटा खोटं बोलत नाही, चाक बुटकं आहे. एमजीबी चौथ्या गिअरमध्ये मिनिटाला हजार फेऱ्यांमागे ताशी साधारण १८ मैल जाते. ७० ला ३९०० फेऱ्या. पाच टक्के बुटकं चाक लावलं की ४१००. ओव्हरड्राइव्ह नसताना हे दोनशे फुकटचे.

आजच्या १६५/८० चा व्यास येतो ६२० च्या आसपास. १८५/७० चा ६१५. म्हणजे उंचीच्या बाबतीत दोन्ही चालतील. घोडं अडतं ते रुंदीवर.

मला एकच सांगा: तुमच्या वायर व्हीलची रिम किती इंच रुंद आहे? यावर सगळं अवलंबून. टायर बघू नका, रिम मोजा.

---

निळी_जीटी

काका, धन्यवाद. आकडे वाचून अंगावर काटा आला: २२०९. म्हणजे २००९ सालचा बाविसावा आठवडा. पोरगी तेव्हा जन्मलीही नव्हती. नखाने दाबलं तर सुकलेल्या तळ्यासारख्या भेगा. बायकोने फोटो बघितला आणि म्हणाली, "यावर बसवून तू आम्हाला बाथ शहरापर्यंत नेलंस?" तो विषय संपला.

रिम मोजली. साडेपाच इंच.

---

कॉव्हेंट्रीकाका

कुठून कुठे मोजलीत?

---

निळी_जीटी

बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत. फूटपट्टीने. चुकलं का?

---

कॉव्हेंट्रीकाका

चुकलं. सगळे हेच करतात. रिमची रुंदी आतल्या अंगाने मोजायची, टायरची कड जिथे टेकते त्या दोन भिंतींच्या मधे. बाहेरून मोजलं तर साधारण एक इंच जास्त येतं. तुमची रिम बहुधा साडेचार आहे. टायर उतरवल्याशिवाय आतून मोजता येणार नाही, पण एक चोरवाट आहे: आऱ्या मोजा. मूळच्या एमजीबी चाकाला ६० आऱ्या, रिम साडेचार इंच. ७२ आऱ्या असतील तर नंतर कोणीतरी रुंद चाकं घातलीत, बहुतेक साडेपाच.

---

निळी_जीटी

पोरीला खडू देऊन बसवलं. पहिल्यांदा ५८, दुसऱ्यांदा ६१. मग एकेका आरीला खडूचा ठिपका देत मोजल्या: ६०.

---

कॉव्हेंट्रीकाका

मग झालं तर.

साडेचार इंची रिमवर १८५/६५ बसवणं हे मुळातच चूक होतं. त्या टायरला किमान पाच इंची रिम लागते. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला की दोन्ही गाल आत ओढले जातात, पोट बाहेर येतं, आणि वळणावर रिम टायरच्या आत डोलते. तुम्हाला वाटतं गाडी जुनी म्हणून डोलते आहे. १८५/७० साडेचारवर नियमात बसतो, पण अगदी उंबरठ्यावर. १६५/८० मात्र चार ते साडेपाचच्या मधे कुठेही सुखाने बसतो. तुमची रिम त्याच्यासाठीच केली आहे, किंवा खरं तर तो टायर त्या रिमसाठी.

वळणवाटताईंच्या गाडीला रोस्टाइल चाकं असणार, पोलादी, पाच इंची, चार नटांवर बसणारी. शिवाय वायर व्हीलच्या एमजीबीची मागची ॲक्सल वेगळी, थोडी आखूड असते, कारण हबच बाहेर आलेला असतो. तेव्हा त्यांचं घासत नाही म्हणून तुमचं घासणार नाही असं नाही.

स्टिअरिंगचंही तेच. एमजीबीच्या पुढच्या चाकांना सात अंश कॅस्टर आहे, म्हणजे चाक ज्या आसावर वळतं तो तेवढा मागे कललेला. अरुंद टायरच्या जमान्यात सरळ रेषेत गाडी स्थिर राहावी म्हणून दिलेला. पॉवर स्टिअरिंग नाही. त्यात रुंद टायर लावला की हातांना तो कॅस्टर दामदुपटीने कळतो. बाजारात तो कमी करायचे तुकडे मिळतात. आधी टायर बदला, मग बघा त्यांची गरज उरते का.

घासण्याचं प्रमाण एकदा नीट मोजा. किती आणि कुठे. त्याशिवाय बोलण्यात अर्थ नाही.

---

वळणवाट

काका, मान्य. रोस्टाइलच आहेत. आणि तुम्ही लिहिलंत तेव्हा जाऊन बघितलं, खरंच पाच इंची. सहा वर्षांत हा प्रश्न मला पडलाच नव्हता. धोतराची उपमा मात्र मागे घेत नाही.

---

निळी_जीटी

मोजलं. पद्धत हसण्यासारखी आहे, पण चालली.

पोळ्यांसाठी मळलेल्या कणकेतले दोन गोळे पळवले, लिंबाएवढे. चाकाच्या वर, मडगार्डच्या आतल्या ओठाला, टायरच्या बाजूने एकेक चिकटवला. डावीकडे एक, उजवीकडे एक. मागे पोरगी, डिकीत वीस किलो तांदळाचं पोतं आणि टूलबॉक्स. मग गल्लीतल्या गतिरोधकावरून तीनदा सावकाश गेलो. परत येऊन सुरीने गोळे कापले आणि सर्वात पातळ जागा मोजली.

उजवीकडे ११ मिलिमीटर कणीक शिल्लक. डावीकडे कणीक नाहीच. टायरवर पांढरा पट्टा आणि मडगार्डच्या कडेला पोळीचा पापुद्रा. म्हणजे दोन्ही बाजू सारख्या नाहीतच! ॲक्सल वाकडी आहे का? की कधीकाळी मागून ठोकलेली गाडी आहे? आज झोप लागणार नाही.

(रात्री पोळ्या दोन कमी पडल्या. कारण सांगितलं तेव्हा घरात शांतता पसरली.)

---

कॉव्हेंट्रीकाका

कणीक! अडतीस वर्षांत प्लॅस्टिसिन, मेण, शिसं सगळं वापरलं, कणीक नाही. शाबास.

झोपा निवांत. डावी-उजवी सारखी नसणं ही एमजीबीची जुनीच तक्रार आहे, खूप जण सांगतात. पाच लाखांच्या वर गाड्या झाल्या, प्रत्येक सांगाडा मिलिमीटरला मिलिमीटर जुळवून वेल्ड केलेला नव्हता. पाच-दहा मिलिमीटर फरक दिसला म्हणून अपघाताची कहाणी रचू नका. मागच्या पट्ट्यांचे यू-बोल्ट ढिले नाहीत ना, स्प्रिंगखालचे रबर जिरलेले नाहीत ना, एवढं पाहून घ्या.

१६५ लावलात की टायरचा गाल प्रत्येक बाजूने दहाएक मिलिमीटर आत येईल. डावीकडे तेवढंच हवं आहे. उंच चाक असल्याने वरची जागा थोडी कमी होईल, पण तुमचं घासतंय ते ओठाला, बाजूने, वरून नाही.

---

ट्यूबवाला_कोल्हापूर

जीटीवाले भावा, सगळे साइजवर भांडायलेत, ट्यूबचं कोण बोलंना म्हणून लिहितोय. बुलेटची आरीची चाकं रोज खोलतो, तेच शास्त्र.

आरीच्या चाकाला ट्यूब लागतीच. टायरवर ट्यूबलेस लिहिलं असलं तरी. निपलच्या भोकातनं हवा जाती. आता ध्यान दे:

ट्यूब नवीच घ्यायची, रेडियलची, नेमक्या मापाची. जुनी ताणलेली ट्यूब बारक्या टायरात घातली की घडी पडती, आणि घडीवर फाटती. तुझी आताची १८५ ची आहे, ती फेकून दे.

निपलवर रबरी पट्टी असती, ती बदल. बदलायच्या आधी आतनं बोट फिरवून बघ, एखाद्या आरीचं टोक वर आलं असंल तर कानसीनं घासून घे. आमच्याकडं दहातली सात पंक्चर खिळ्यानं न्हाई, आतनं आरीनंच होत्यात.

टायरच्या आत कंपनीचा कागदी स्टिकर असतो. तो खरडून काढ. ट्यूबलेस टायरच्या आत बारीक रेघा, खरखर असती, ती ट्यूब घासती. शंखजिरं मार भरपूर. तिकडं मिळत नसंल तर कॅरमची पावडर.

आणि हवा एकदम भरायची न्हाई. थोडी भर, सगळी सोड, परत भर. ट्यूब आपली आपण बसती. दुकानातल्या पोरास्नी हे करायला सांग, न्हाईतर ते कॉम्प्रेसर लावून चहाला जात्यात.

---

कॉव्हेंट्रीकाका

वरच्या प्रतिसादाला माझा साष्टांग. एकच भर. बॅलन्सिंग.

वायर व्हील मशीनवर मधल्या भोकातून साध्या कोनाने पकडलं की ते तिरकं बसतं. हे चाक गाडीवर दोन उतारांवर टेकतं, आत एक आणि बाहेर स्पिनरखाली, म्हणजे मधल्या मोठ्या नटाखाली एक. मशीनवरही त्याच दोन उतारांवर पकडायला हवं, त्यासाठी वेगळा अडॅप्टर असतो. दुकानाला आधी फोन करून विचारा तो आहे का. "हो हो, होऊन जाईल" म्हणाले तर दुसरं दुकान शोधा. चाक उतरलंच आहे तर हबचे दाते पुसा, धारदार झालेत का बघा, आणि ग्रीस लावून परत चढवा.

हवा: जुन्या पुस्तकात विशीच्या सुरुवातीचे आकडे आहेत. मी माझ्या गाडीत पुढे २४, मागे २६ पासून सुरू करतो आणि पाचशे मैलांनी झीज बघतो.

वेगाचं अक्षर विचाराल तर १६५/८० वर बहुधा टी असतं, ताशी १९० किलोमीटर. तुमची गाडी उताराला वारा पाठीशी घेऊनही १७० च्या फार पुढे जाणार नाही.

---

निळी_जीटी

मंडळी, उशीर झाला, पण काम झालं.

पहिल्या दुकानाला अडॅप्टरचं विचारलं तर "कसला अडॅप्टर?" दुसरं दुकान चाळीस मिनिटांवर, म्हातारबाबांचं. त्यांनी चाक हातात घेतलं, आऱ्यांवर स्क्रूड्रायव्हरने टिचक्या मारत गेले, आणि दोन आऱ्या बद्द आवाज देत होत्या त्या तिथेच आवळल्या. तंबोरा लावावा तसं. टायर उतरल्यावर मी आतून रिम मोजली: ११४ मिलिमीटर. साडेचार इंच, काका.

टायर घेतले व्रेडेश्टाइनचे स्प्रिंट क्लासिक, १६५ आर १४. नक्षी जुन्या वळणाची आहे. साध्या १६५/८० पेक्षा बरेच महाग, पण बाथ प्रकरणानंतर घरातून मंजुरी सहज मिळाली. आणि सिन्नरकर, ही कंपनी हॉलंडची, पण २००९ पासून आपल्या अपोलोच्या मालकीची. तेव्हा लोणच्याच्या बरण्या बॅगेतच राहू द्या.

काल ॲबिंग्डनपर्यंत जाऊन आलो. काटा ६०, फोन ५९ आणि ६० च्या मधे. ७० ला इंजिन चार हजाराच्या खाली, आणि हो, शब्द ऐकू येतात. पहिला ऐकू आलेला शब्द "हळू" होता. वळणावर गाडी आधीपेक्षा लवकर सरकू लागते, पण सांगून सरकते. आधी चिकटून राहायची आणि मग एकदम दचकवायची. पार्किंगमध्ये बायकोने स्वतः लावली, जात्याचा उल्लेख न करता. कणकेची चाचणी पुन्हा केली (या वेळी विचारून): डावीकडे ९ मिलिमीटर.

आता खरी गंमत. म्हातारबाबांनी विचारलं, अजून काही? मी सवयीने म्हणालो, "स्टेपनी बघायची राहिली." त्यांच्या पोऱ्याला वाटलं पूर्व लंडनमधल्या स्टेपनीला जायचं आहे. म्हातारबाबा मात्र हसले. म्हणाले, हा शब्द त्यांनी चाळीस वर्षांनी ऐकला. वेल्समधल्या लानेथ्ली गावच्या स्टेपनी रस्त्यावर १९०४ च्या सुमारास डेव्हिस बंधूंनी जादा चाक विकायला काढलं, त्यावरून आलेला शब्द. तिथे तो विसरला गेला, आपल्याकडे सिन्नर फाट्यावर जिवंत आहे.

तर डिकीतली फळी उचलली. खाली मूळचं चाक, मूळचा रंग, आणि टायरवर स्वच्छ अक्षरात: १६५ एसआर १४. वर्षाच्या जागी तीनच आकडे, २८८. नव्वदच्या दशकातल्या टायरवर असतो तो छोटा त्रिकोण नाही, म्हणजे १९८८. चार चाकांवर कोणी काय काय चढवलं, उतरवलं, पण तिला कोणी हात लावला नाही.

---

सिन्नरकर

मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

---

निळी_जीटी

विचारलं होतंत. वर फळीवर तांदळाचं पोतं होतं.

---

सिन्नरकर

ठीक. आता तिलाही नवा टायर घाला, १९८८ चा घेऊन कुठल्या घाटात अडकू नका.

---

निळी_जीटी

घाट कुठला इथे. पण पाचवाही घातला आहे. जुना पोरीने मागितला, झोपाळ्यासाठी. झाडाच्या फांदीचं माप घेणं चालू आहे.